वेढ्यात गड पडायचा तो कशानं? पुरंदर, सातारा, वसई आणि बाकीचे

कातळकडा

गडकोटांच्या चर्चेत वेढ्याचा विषय निघाला की बोलणं दोनच गोष्टींवर येऊन थांबतं: तोफा किती होत्या आणि फितूर कोण झाला. मधले चार महिने, आठ महिने, कधी कित्येक वर्षं गडाखाली आणि गडावर माणसं नेमकं काय करत होती, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे खोडून काढायला सोपं जाईल. आपल्याकडच्या मोठ्या वेढ्यांत निर्णायक काम बेलदार, पाथरवट, सुतार आणि हमालांनी केलं. तोफेनं तट खिळखिळा केला असेल, पण ती तोफ डोंगरावर ओढून नेली माणसांनी, आणि तटाच्या पायथ्याशी जिवंत पोचता आलं ते खणलेल्या मोर्च्यांमुळे, म्हणजे आडोशाच्या चरांमुळे.

पुरंदर घ्या. मिर्झाराजे जयसिंग मार्च १६६५ च्या सुरुवातीला पुण्यात आला आणि महिना संपायच्या आत दिलेरखानानं गडाखाली मोर्चे बांधायला घेतले. पहिला घाव वज्रगडावर. पुरंदर आणि वज्रगड यांच्यामध्ये फक्त भैरवखिंड आहे, आणि वज्रगड हाती आला की पुरंदरची माची तोफेच्या माऱ्यात येते. हे जयसिंगानं अचूक हेरलं. पण त्यासाठी आधी तोफा चढवायला हव्यात. अब्दुल्लाखान नावाची तोफ वर न्यायला तीन दिवस लागले, फत्तेलष्कर नावाचीला साडेतीन. तिसरी हाहेली. उन्हाळ्याचे दिवस, उभा डोंगर, आणि वरून मारा चालूच. त्या तोफा ओढणाऱ्या एकाही माणसाचं नाव कुठं लिहिलेलं नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

१४ एप्रिलला वज्रगड पडला. नंतरचा दीड महिना माचीपुढे इंचाइंचानं पुढे सरकण्यात गेला. मोगलांनी लाकडाचे ओंडके रचून, आत माती-दगड भरून दमदमे उभे केले. दमदमा म्हणजे तटाच्या उंचीला येऊन भिडणारा बुरुजच. वर लहान तोफा आणि बंदूकची बसवायचे. गडावरून पेटतं तेल, हुक्के (बंदुकीची दारू भरलेले, फेकायचे गोळे), मोठाले धोंडे यांचा वर्षाव चालायचा. मुरारबाजी देशपांडे निवडक ७०० माणसं घेऊन खाली उतरले ते याच वेढ्यात. आपण ते शौर्य म्हणून सांगतो आणि ते शौर्य होतंच. पण त्यामागे लष्करी गणितही आहे. मोर्चे तटाला भिडत आले की आतल्यांच्या हाती शेवटचा जालीम उपाय एकच उरतो: बाहेर पडून मोर्चेच उधळून लावायचे.

जूनमध्ये तह झाला, ४ लक्ष होनांच्या मुलखासह २३ किल्ले गेले. तेव्हा पुरंदरचा बालेकिल्ला पडलेला नव्हता. महाराजांनी दमदम्यांची चाल पाहिली आणि गड पडल्यावर काय पदरात पडेल याचा हिशोब आधीच केला, असं माझं वाचन आहे.

---

मोडीवाचक

चांगला धागा. पण कुदळीला तुम्ही जरा जास्तच श्रेय देताय. मी उलट बाजू मांडतो.

औरंगजेब १६९९ मध्ये ब्रह्मपुरीची छावणी सोडून स्वतः किल्ले घ्यायला निघाला. पुढच्या पाच-सहा वर्षांत वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा एवढे गड त्यानं घेतले. मोजकी ठिकाणं सोडली तर शेवट पैशावर झाला. किल्लेदाराशी बोलणी, ठरलेली रक्कम, शिबंदीला (गडावरच्या सैन्याला) सुखरूप वाट. निव्वळ तलवारीनं म्हणावा असा तोरणाच, १७०४ चा, रात्री दोर लावून चढून घेतलेला.

आणि यात मराठ्यांची नामुष्की शोधू नये. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गड लढवायचा, बादशाहाचा पैसा आणि जनावरं खर्ची पाडायची, मग भरपूर रक्कम घेऊन गड द्यायचा आणि पुढं संधी साधून परत घ्यायचा. ठरवून केलेलं युद्धतंत्र होतं ते. विशाळगड जून १७०२ मध्ये हाती आला, तेव्हा पाऊस सुरू झालेला. तिथून पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम ३० मैलांना मोगल फौजेला ३८ दिवस लागले. ओढ्यांना पूर, तोफांचे गाडे चिखलात रुतलेले, हत्ती-उंट मरून पडलेले. असा विजय परवडतो कुणाला?

म्हणून माझी क्रमवारी: पहिला पाऊस, दुसरी थैली, तिसरं कोठार, आणि मग तुमची कुदळ.

---

निळावंती

मोडीवाचक, कोठार तिसरं का? मला ते पहिलं वाटतं.

देवगिरीची १२९६ ची हकिगत आठवा. अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला, रामदेवराय किल्ल्यात शिरले, घाईघाईत पोती आत घेतली. वेढा पडल्यावर कळलं की पोत्यांत धान्य नसून मीठ आहे. फिरिश्ता या इतिहासकारानं सांगितलेली ही गोष्ट. देवगिरीसारखा बेलाग किल्ला असून उपयोग झाला नाही, खंडणी देऊन तह करावा लागला.

आता पन्हाळा पाहा. सिद्दी जौहरचा वेढा मार्च १६६० ते जुलै १६६०, चार महिन्यांच्या वर. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीला आले आणि चक्क आपलं निशाण लावून गडावर मारा केला. (त्याची भरपाई १६६१ मध्ये राजापुरात झाली, वखार लुटली गेली आणि टोपीकर कैदेत पडले.) जौहरनं पावसातही वेढा ढिला होऊ दिला नाही. तरी गड भुकेनं पडला नाही. पन्हाळ्याचा अंबारखाना ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगावं लागणार नाही. गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्यांमध्ये उभं राहिलं की आदिलशाहीत तो बांधणाऱ्यांनी किती लांबचा विचार केला होता ते कळतं.

आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथातही गड बांधताना आधी पाणी पाहायला सांगितलंय. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून तळी, टाकी करावीत, एकाच झऱ्यावर विसंबू नये. हे लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या डोळ्यांसमोर १६८९ नंतरचे सगळे वेढे होते. तोफांइतकीच, किंबहुना जास्त, काळजी त्यांना पाण्याची आहे.

एक प्रश्न: सह्याद्रीच्या कातळात सुरुंग खणता तरी येतो का? बखरींत 'सुरुंग लावले' असं सहज लिहिलेलं असतं.

---

डबरवाले

निळावंती ताई, याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण माझा धंदाच खाणीचा आहे.

अखंड काळ्या कातळात त्या काळच्या पहारी-छिन्न्यांनी खणायचं म्हणजे दिवसाला वीतभर. पण सह्याद्री एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी मऊ, लालसर, ठिसूळ पट्टा सापडतो. जाणता पाथरवट तो पट्टा बरोबर शोधतो. आमच्याकडेही जुने लोक हातोडीच्या आवाजावरून सांगतात की इथं दगड 'बसलेला' आहे की 'पोकळ'.

आता दारूचं. जुनी काळी दारू आजच्या जिलेटिनसारखी दगडाचा भुगा करत नाही. ती ढकलते, उचलते. त्यामुळे तिला चारी बाजूंनी घट्ट कोंडणं फार महत्त्वाचं. बोगद्याच्या टोकाला तटाखाली खोली करायची, दारूच्या थैल्या भरायच्या, वात बाहेर काढायची आणि मागचा बोगदा दगडमातीनं ठासून बंद करायचा. जिकडचा दगड पातळ, जिकडं चीर, तिकडं स्फोट जातो. त्याला बाहेर कोण आहे नि आत कोण, हे कळत नाही.

साताऱ्याला १३ एप्रिल १७०० रोजी हेच झालं. अजिंक्यताऱ्याच्या ईशान्य कोपऱ्यावर मोगलांच्या तरबियतखानानं काम चालवलं होतं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं त्या जागेची मापं दिली आहेत: खाली ४२ फूट कातळ, त्यावर २५ फूट बांधकाम. चार महिने त्या कातळात खणणं चाललेलं होतं. ठरल्या दिवशी बादशाहाची स्वारी थाटात निघाली, ती पाहायला गडावरचे लोक तटावर जमले, आणि पहिला सुरुंग उडाला. तट आत कोसळला, पुष्कळ माणसं गाडली गेली. मग दुसरा उडाला तो उलटा, बाहेरच्या बाजूला. खाली हल्ल्यासाठी दाटीवाटीनं उभ्या असलेल्या मोगल फौजेवर कडा आणि तट दोन्ही आले. दोन हजारांच्या आसपास माणूस मेला असं सांगतात.

माझ्या मते दोष दोन. तटापलीकडे भराव किती आहे आणि अलीकडचा कातळ किती उरलाय याचा अंदाज चुकला. आणि दुसरा दोष जास्त मोठा: स्फोट कुठे जाईल याची खात्री नसताना माणसं इतकी जवळ उभी केली. आजही खाणीत भोंगा वाजवून सगळ्यांना लांब पाठवल्याशिवाय आम्ही वातीला हात लावत नाही. तो नियम अशाच मरणांतून आलाय.

---

कातळकडा

डबरवाले, फार मोलाचा प्रतिसाद. साताऱ्याचा तो दुसरा सुरुंग उलटा का गेला हे इतक्या सोप्या शब्दांत मी कुठं वाचलं नव्हतं.

किल्लेदार प्रयागजी प्रभू त्या पहिल्या स्फोटात ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले, हेही इथं नोंदवायला हवं. आणि मोगलांच्या बाजूचं एक दृश्य फार हलवून टाकणारं आहे. गाडल्या गेलेल्या आपल्या भाऊबंदांची प्रेतं काढता येईनात, तेव्हा मोगल फौजेतल्या हिंदू पायदळानं रात्री मोर्च्याच्या लाकडी बांधकामालाच आग लावली, त्यांचं दहन व्हावं म्हणून. चार महिन्यांत उभं केलेलं सगळं काम कित्येक दिवस जळत होतं.

गड आठवडाभरानं, २१ एप्रिलला, बोलणी होऊन मोगलांकडे गेला. राजाराम महाराज २ मार्चलाच सिंहगडावर वारले होते, ती बातमी पोचल्यावर गडावरच्यांचा धीर किती टिकणार? तेव्हा मोडीवाचक, थैली तिथंही होती, हे कबूल. पण बोलणी करायची वेळ का आली, तर तटाला भगदाड पडलं म्हणून. वाटाघाटीत गडाची किंमत ठरते ती मोर्चा कुठवर आलाय त्यावर.

उलटा दाखला द्यायचा तर रामशेज. नाशिकजवळचा, दिसायला साधा. १६८२ पासून कित्येक वर्षं मोगलांना दाद देईना. शहाबुद्दीनखानानं प्रचंड लाकडी दमदमा उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर आतल्यांनी लाकडाच्या तोफा करून, वरून कातडं आवळून, त्यांनी मारा केला असं मोगल इतिहासकार खाफीखानच लिहितो. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही दाद आहे.

---

निळावंती

सुरुंगाचा विषय निघालाच आहे तर अहमदनगर सोडून चालणार नाही. तिथं कातळाचा प्रश्न नाही, भुईकोट आहे, भोवती खंदक.

शाहजादा मुराद १५९५ च्या अखेरीस आला. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग नेले. बातमी आत पोचली आणि चांदबीबीनं आतून उलट खणायला लावलं. दोन सुरुंग सापडले, दारू काढून घेतली. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच तो उडाला आणि तटाला रुंद भगदाड पडलं. चांदबीबी स्वतः तिथं उभी राहिली, दिवसभर हल्ले परतवले, आणि रात्रीत मिळेल त्या दगडमातीनं भिंत पुन्हा उभी केली. मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून परत जावं लागलं.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. चांदबीबीला तिच्याच लोकांनी मारलं आणि थोड्याच दिवसांत सुरुंगानं तट उडवून किल्ला घेतला गेला. सुरुंग तोच, दारू तीच, किल्लाही तोच. आत उलट खणायला लावणारं माणूस तेवढं उरलं नव्हतं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या शालेय पुस्तकांत तिच्या वाट्याला येतात चार ओळी, याचा रागही येतो.

---

खाडीकिनारा

वसईचा आहे, त्यामुळे १७३९ बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमीन फक्त उत्तरेला. म्हणजे वेढा घालणाऱ्याला वाट एकच, आणि ती आतल्यांनाही ठाऊक. पोर्तुगीज बुरुज बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत. तिथं उभं राहून पाहा, एका बुरुजाच्या पायाशी आलेला माणूस शेजारच्या बुरुजावरून सरळ दिसतो. लपायला कोपराच ठेवलेला नाही. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी झटपट घेतली, पण वसईवरचा तेव्हाचा प्रयत्न फसला तो यामुळेच.

चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये आधी केळवे-माहीम, तारापूर, अशेरी अशी बाजूची ठाणी घेत वसईला एकटं पाडलं. तारापूरला बाजी भीवराव पडले. फेब्रुवारीत चिमाजीअप्पा वसईपुढे आले आणि मग तीन महिने वाळूत मोर्चे खणत पुढे सरकणं. आमच्याकडची वाळू म्हणजे खणायला सोपी आणि टिकायला अवघड, शिवाय थोडं खाली गेलं की पाणी लागतं. त्यात वरून हुक्के, जळते कपडे, तोफांचा मारा. आतल्या पोर्तुगीजांची अवस्थाही बिकट होती. मुंबईच्या इंग्रजांकडून १५ हजार रुपये उभे करायला त्यांनी चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा गहाण टाकल्या.

मे महिन्यात सुरुंग पेटवले. काही वेळेवर उडाले आणि सेंट सेबास्टियन बुरुजाला खिंडार पडलं. काही उशिरा उडाले, मराठे खिंडारात शिरत असताना, आणि आपलेच शेकडो लोक त्यात गेले. डबरवाल्यांनी सांगितलेलं इथंही लागू पडतं. दोन दिवस खिंडारात हातघाईची लढाई झाली. मग कप्तान कायतान द सोझा परेरानं तहाचं निशाण दाखवलं.

मला सगळ्यांत जास्त अभिमान त्यापुढच्या गोष्टीचा वाटतो. इतकी माणसं गमावल्यावर कत्तल करायला कुणीही धजावलं असतं. चिमाजीअप्पांनी शिबंदीला हत्यारं, नगारे, निशाणांसह मानानं जाऊ दिलं आणि लोकांना आपली चीजवस्तू घेऊन निघायला आठ दिवस दिले. ते शेवटपर्यंत पाळलं. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची घंटा या मोहिमेनंतरच तिकडं गेली.

---

लिंबुर्गकर

मी नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्तजवळ राहतो. इथल्या शहराखाली जुने लष्करी बोगदे आहेत, ते मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात. बचाव करणाऱ्यांनी आधीच खणून ठेवलेले हे बोगदे. आत शांत बसून शत्रू कुठं खणतोय त्याचा कानोसा घ्यायचा आणि त्याच्या वाटेत आपली दारू पेटवायची. निळावंतींनी लिहिलेली चांदबीबीची युक्ती इथं दगडात कायमची बांधून ठेवलीय.

१६७३ च्या जूनमध्ये फ्रेंच इंजिनिअर वोबाँनं हे शहर दोन आठवड्यांत घेतलं. त्याची पद्धत अशी: तटाला समांतर एक लांब चर खणायचा, त्यात फौज आणि तोफा सुरक्षित ठेवायच्या, तिथून नागमोडी चर पुढे न्यायचे, मग दुसरा समांतर चर, मग तिसरा. नागमोडी का, तर सरळ चर असला की तटावरून एक गोळा लांबवर आत घुसतो. दर दिवशी किती खणून होईल याचा हिशोब तो आधी मांडायचा.

त्याच १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंद ६० माणसं घेऊन रात्री पन्हाळ्याच्या कड्यावरून चढले आणि गड घेतला. एकीकडं हजारो मजूर आणि मोजून आखलेले चर, दुसरीकडं ६० माणसं, दोर आणि अंधार. महाराजांकडं लांबलचक वेढ्यासाठी लागणारा तोफखाना आणि पैसा नव्हता, म्हणून त्यांनी वेढ्याची गरजच पडू नये असे गड घेतले. कातळकडा, तुमच्या मांडणीत हेही यायला हवं.

---

गोळंदाज

सगळ्यांचं वाचलं. पण १८१८ आलं की ही चर्चा बदलते. इंग्रजांनी मार्च १८१८ मध्ये सिंहगडावर साडेतीन हजारांहून जास्त गोळे टाकले आणि गड घेतला. मे महिन्यात रायगड. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून उखळी तोफांचा मारा, वाडे पेटले, गड गेला. उखळी तोफेचा गोळा उंच जाऊन तटापलीकडे पडतो आणि तिथं फुटतो. त्याला तट पाडायची गरजच नाही. ना दमदमा, ना सुरुंग. तिथं तुमची कुदळ हरली.

---

कातळकडा

गोळंदाज, डोंगरी किल्ल्यांपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. गडावर सपाटी कमी, माणसं आणि दारूकोठार एका ठिकाणी, त्यामुळे वरून पडणाऱ्या गोळ्यापुढे उपाय नव्हता. शिवाय बाहेरून मदतीला येणारी फौजच उरलेली नव्हती. वेढ्यात तग धरायचा तो कुणीतरी येईल या आशेवर.

पण त्याच मोहिमेतलं मालेगाव पाहा. मोसम नदीकाठचा भुईकोट, खाडीकिनारांनी उल्लेख केलेल्या नारोशंकरांनीच बांधलेला. आत अरबांची शिबंदी. इंग्रज मेच्या मध्यावर तिथं पोचले आणि जून निम्मा होईपर्यंत अडकून पडले. चर खणावे लागले, इंजिनिअर दलाचा डेव्हिस मारला गेला, खिंडारावरचा हल्ला परत फिरवला गेला, दोनशेवर माणसं कामी आली किंवा जखमी झाली. अखेर गोळा दारूकोठारावर पडला, तटाचा भाग उडाला आणि मग अरब बोलणीला तयार झाले. सह्याद्रीतले बेलाग कडे काही दिवसांत गेले आणि सपाटीवरचा मातीच्या खंदकाचा किल्ला महिनाभर लढला.

लिंबुर्गकर, कोंडाजींचा मुद्दा घेतो. सुरत, साल्हेर, पन्हाळा, सगळीकडं वेग हेच हत्यार होतं. जंजिऱ्याला वेग चालला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव टाकून वाट करायला घेतली, तीही मोगल फौज कोकणात उतरल्यानं अर्ध्यावर सोडावी लागली. तो भराव कसा घातला जात होता, दगड कुठून आणला, यावर राजपुरी-मुरुडकडच्या कुणाला काही माहीत असेल तर जरूर लिहा. मालेगावकरांनीही खंदकाची आजची स्थिती कळवली तर बरं होईल.